चावीवाले तावडे

तावडेंनी माझा नकाशा पहिल्याच भेटीत चुकीचा ठरवला, तेही रांगेतली स्वतःची जागा न सोडता.

आमचं केंद्र घाटकोपरच्या बाजूला, एका सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर होतं. एचआयव्हीची औषधं तिथे फुकट मिळायची. मी कंत्राटी नोकरीवर होते. भूगोल शिकलेली, नकाशांचं सॉफ्टवेअर येणारी, म्हणून मला घेतलं होतं. काम म्हटलं तर सोपं. रजिस्टरातले पत्ते घ्यायचे, नकाशावर ठिपके मांडायचे आणि औषध मध्येच सोडून दिलेले लोक कुठल्या भागात जास्त आहेत ते डॉक्टरांना दाखवायचं. ही गोळी रोज घेतली की माणूस धडधाकट राहतो, नोकरी करतो, संसार करतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. सोडली की हळूहळू सगळं उलटं फिरायला लागतं. त्यामुळे सुटलेली माणसं शोधणं हेच आमचं खरं काम.

त्या दिवशी उकाड्यामुळे माझ्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर एक काटकुळे गृहस्थ बसले होते. साठीचे असतील. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात जाड रबरी चपला. दारातून त्यांना माझा स्क्रीन दिसत होता.

"मॅडम, एक विचारू? त्या पोस्टात एवढी माणसं राहतात काय?"

मी वळून पाहिलं. नकाशावर पोस्ट ऑफिसच्या जागी ठिपक्यांचा नुसता गठ्ठा झाला होता. रजिस्टरातले पत्ते असे असायचे: 'संडासामागे, देवळाजवळ, डोंगर.' सॉफ्टवेअरला त्यातलं काही कळत नसे. मग ते फक्त पिनकोड बघायचं आणि सगळ्यांना पोस्टाच्या दारात आणून उभं करायचं.

"मग कुठे राहतात?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"ते मी कसं सांगणार? पण पोस्टात नाय राहत, एवढं नक्की." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि दुसरं. ह्यात डोंगर कुठाय? तुमचा नकाशा सगळा सपाट दिसतोय."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला आणि ते उठून गेले. मी चिडले होते. पण दुपारी डबा खाताना लक्षात आलं, की दोन वर्षांत एकदाही मी त्या डोंगरावरच्या वस्तीत चढले नव्हते.

पुढच्या महिन्यात ते गोळ्या न्यायला आले तेव्हा मीच त्यांना आत बोलावलं.

तावडे पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे वस्त्यांना ठरलेल्या वेळी पाणी सोडणारे. रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलायची, उंच टी-आकाराची चावी आत घालायची, मोजून फेरे द्यायचे, की एका गल्लीचं पाणी बंद होतं आणि दुसरीचं सुरू होतं. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. निवृत्त होऊनही ते चालताना खालीच बघायचे, कारण झाकणं खाली असतात. समोरून ओळखीचा माणूस आला तर आधी त्यांना त्याच्या चपला दिसायच्या. त्यावरूनच नाव घेऊन हाक मारायचे, आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघायची.

"कसे आहात" असं त्यांनी कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांचा प्रश्न एकच: "पाणी किती वाजता येतं?" त्यावरून त्यांना माणूस कुठे राहतो, किती चढून जातो, घरात भरायला कोण आहे, सगळं कळायचं. एकदा मला विचारलं. मी म्हटलं, मुलुंडला राहते, सोसायटीत टाकी आहे, कधीही येतं. "मग तुमचं बरं आहे," म्हणाले, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता.

त्यांना स्वतःला हा आजार कसा झाला ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की निदान झालं तेव्हा त्यांनी बायकोला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पानावर भात वाढताना तिने विचारलं, "गोळी जेवच्या आधी की मगे?" तिची तपासणी केली, तिला लागण झालेली नव्हती. "तेवढं एक देवानं बघितलं," तावडे म्हणाले. पण त्या दोघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं. ना चाळीत, ना खात्यात, ना मालवणजवळच्या गावात. गावाचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली जायचा. "मुंबईत कोण कुणाला विचारत नाय, मॅडम. गावात सगळे विचारतत."

हे सगळं मी लिहिते आहे ते त्यांच्या परवानगीने. नाव बदललं आहे. "लिवा," म्हणाले होते, "फक्त गल्ल्यांची नावं घालू नका." ती इथे नाहीत.

माझा दुसरा धडा भिंतीवरचा. वरून कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून मी नकाशाची रंगीत मोठी प्रत काढून बाहेरच्या भिंतीवर लावली होती. पोस्टातली माणसं आता मी कष्टाने आपापल्या वस्तीत हलवली होती. प्रत्येक पेशंटच्या घरावर एक ठिपका, लाल. मला त्याचा फार अभिमान होता. तावडे आले, चष्मा लावला, बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या शेजारी एक बाई उभी होती. तिने नकाशावर बोट ठेवलं, रस्ता शोधत शोधत वर नेलं आणि एका ठिपक्यावर थांबवलं. मग बोट एकदम मागे घेतलं आणि पदर ओढून बाकावर जाऊन बसली.

तावडे माझ्या खोलीत आले. "उतरवा तो."

"का? नाव कुठे आहे त्यात?"

"त्या डोंगरावर त्या कोपऱ्यात एकच घर आहे. नाव कशाला पाहिजे?"

मी नकाशा उतरवला. साहेबांना कोरी भिंत दिसली. त्या आठवड्यात बसून आम्ही ठिपके काढून टाकले आणि त्यांच्या जागी भाग पाडले, एकेका भागात शेकडो घरं येतील असे. कुठल्या भागात किती लोक सुटले तेवढंच रंगावरून कळायचं. तावडेंची अट माझ्यापेक्षा कडक होती. "मला नाव सांगायचं नाय, नंबर सांगायचा नाय, बाई की पुरुष तेपण नाय. मी पण इथलाच पेशंट आहे. उद्या कोणी भेटला तर मला त्याच्याकडं सरळ बघता आलं पाहिजे."

भाग पाडताना मी पिनकोड घेतला, वॉर्डाची हद्द घेतली. तावडेंनी दोन्ही खोडलं. पेन्सिल घेऊन त्यांनी त्यांच्या पद्धतीने डोंगर वाटला: इथपर्यंत पहाटेचं पाणी, इथून वर पंपाचं, ही पट्टी संध्याकाळची. रेघ कुठे वळवायची ह्याबद्दल त्यांना शंका नसायची. मध्येच थांबून डोळे मिटायचे आणि बोटांनी हवेत फेरे मोजायचे, म्हणजे कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा ते आठवायचं.

त्याच सुमारास डोंगराच्या वरच्या अंगाबद्दल केंद्रात चर्चा चालू होती. तिथले लोक सगळ्यात जास्त सुटत होते. वरिष्ठांचं मत असं, की तिथे जागृती नाही, लोक बेफिकीर आहेत. म्हणून तिथे एक गाडी पाठवायची, लाउडस्पीकर, फलक, पथनाट्य, गल्लीच्या तोंडावरच तपासणी. डॉक्टरांना ते पटत नव्हतं, पण हातात दुसरं काही नव्हतं.

मी माझा रंगवलेला नकाशा तावडेंच्या पेन्सिलच्या नकाशावर ठेवला. सगळ्यात गडद पट्टी बरोबर पंपाच्या पट्टीवर बसली.

"ह्यांचं पाणी किती वाजता?" मी विचारलं.

"दहाला सोडतात. वरपर्यंत चढायला साडेदहा. साडेअकराला बंद." ते बोलता बोलता थांबले. "आणि तुमच्याकडं रक्त कधीपर्यंत घेतात?"

"अकरापर्यंत."

बाई पाणी न भरता आली तर घरात दिवसभर थेंब नाही. पाणी भरून आली तर इथली रक्ताची खिडकी बंद, आणि तपासणीची तारीख आली की रक्त दिल्याशिवाय गोळ्या नाहीत. आमच्या खिडकीवर तिला सांगितलं जाणार, उद्या लवकर या. उद्याही पाणी दहालाच. दोनदा परत गेलेली बाई तिसऱ्यांदा कशाला येईल?

"बेफिकीर म्हणतात होय," तावडे म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी ते चहा न पिता गेले.

डॉक्टरांनी तो नकाशा वरिष्ठांकडे नेला. गाडी आणि लाउडस्पीकर रद्द झाले. आठवड्यातली एक दुपार रक्त घेण्यासाठी मिळवायला मात्र बरेच महिने गेले, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. शेवटी ती मिळाली, आणि तब्येत स्थिर असलेल्यांना डोंगराच्या पायथ्याच्या साध्या दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचीही सोय झाली. तिथे सर्दीखोकल्याचे पेशंट येतात, त्यामुळे कोण कशाला आलं ते कुणाला कळत नाही.

पण हे सगळं होण्याच्या आधी, कागद फिरत असतानाच, कुंदाताईंचा एक प्रसंग झाला. कुंदाताई आमच्या समुपदेशक, सगळ्या पेशंटांचं मन त्यांच्यापाशी मोकळं व्हायचं. एक तरुण बाई तीन महिने आली नव्हती. शेवटची आली तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. गोळ्या चालू राहिल्या तर बाळ बहुतेक सुखरूप राहणार, आणि सुटल्या तर त्याची काही शाश्वती नाही. तिचा फोन बंद. पत्ता: 'टाकीमागे, डोंगर.' कुंदाताई दोनदा जाऊन आल्या. त्या डोंगरावर टाक्याच तीन.

कुंदाताईंनी मला विचारलं, मी तावडेंना विचारलं, नाव न घेता. ते म्हणाले, "कधी पाण्याबद्दल काय बोलणं झालं होतं काय?" कुंदाताईंनी आपली वही चाळली. एका ओळीत होतं: 'पहाटे उठून पाणी भरावं लागतं, त्यामुळे चक्कर येते.'

"पहाटेचं पाणी आणि टाकीमागे," तावडे म्हणाले. "मग जुनी टाकी. बाकीच्या दोन्ही पंपाच्या. चला, मी दाखवतो."

आम्ही तिघं निघालो. वाटेत पन्नास जणांनी त्यांना थांबवलं. तावडे, प्रेशर नाही. तावडे, नवीन माणूस वेळेवर सोडत नाही. निवृत्त झालो असं ते एकालाही म्हणाले नाहीत, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. एकाने आमच्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?" तावडे म्हणाले, "टाकी बघायला आणलंय." ते खोटंही नव्हतं.

जुन्या टाकीखाली पायऱ्या सुरू झाल्या तिथे ते थांबले. "वर चौदा-पंधरा घरं आहेत. तुम्ही जा."

"तुम्ही नाही येत?" मी विचारलं.

"मला घर बघायचं नाय." आणि ते डोंगराकडे पाठ करून उभे राहिले. मीही त्यांच्याबरोबर खालीच थांबले. कुंदाताई एकट्याच वर गेल्या.

अर्धा तास गेला. तावडे उन्हात तसेच उभे, खाली पसरलेल्या पत्र्यांकडे बघत. मी म्हटलं, सावलीत बसा. म्हणाले, "बसलो तर मान वळेल."

कुंदाताई खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. सापडली होती. पाचवा महिना. नवरा कामासाठी सुरतेला गेला तो फिरकला नव्हता, फोन तोच घेऊन गेला होता. गोळ्या संपल्यावर ती एकदा आली होती, पण उशीर झाल्याने खिडकी बंद झाली होती. पुन्हा यायला तिच्या अंगात बळ नव्हतं. कुंदाताईंनी यातलं तावडेंना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "काम झालं, तावडे." तावडेंनी मान हलवली आणि उतरायला लागले. दोन वळणं उतरल्यावर एका घरासमोरच्या पिंपातून त्यांनी मगभर पाणी मागून घेतलं आणि सगळं तोंडावर मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई कुंदाताईंच्या शेजारी केंद्रात बसली होती. गोळ्या लगेच सुरू झाल्या.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. नकाशात एक भाग असा होता, जो पाण्याच्या हिशेबात बसत नव्हता. पायथ्याची सपाट गल्ली. पाणी भरपूर, बसथांबा समोर, इस्पितळ दहा मिनिटांवर. तरी तिथले लोक सुटत होते. मला वाटलं, आपली पद्धत इथे फसली. तावडे म्हणाले, "पाणी बरोबर आहे. म्हणजे गळती दुसरीकडं आहे." त्या दिवशी गोळ्या मिळाल्यावरही ते गेले नाहीत. तासभर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघत राहिले. मग आत आले आणि दार लोटून घेतलं.

"नंबर पुकारतो तो शिंदे. तो त्या गल्लीत राहतो."

"शिंदे? अहो, तो किती चांगला आहे."

"चांगलाच आहे. गणपतीत घरोघर जातो, कोणाचं लग्न असलं तर वाढायला उभा राहतो. सगळे ओळखतात त्याला. तेच झालंय."

डॉक्टरांनी शिंदेंना बोलावलं तेव्हा मी तिथे होते. शिंदेंनी हातातली नंबरांची यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, मी घरीसुद्धा कधी कोणाबद्दल एक शब्द काढला नाय."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना माहीत नाही."

शिंदेंनी स्वतःच अर्ज करून एक्स-रे विभागात बदली मागून घेतली. त्या गल्लीतल्या लोकांना कुंदाताईंनी एकेक करून निरोप पोचवला, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले बरेचसे परत आले. ज्यांना तरीही संकोच होता त्यांना रुळांपलीकडच्या केंद्रात नावं हलवून दिली. त्यानंतर तावडे जेव्हा जेव्हा यायचे तेव्हा आधी एक्स-रे विभागात जायचे, शिंदेंना बाहेर बोलवायचे आणि टपरीवर त्यांच्याबरोबर चहा प्यायचे. काय बोलायचे ते मला माहीत नाही. बहुधा पाण्याबद्दलच.

टाकीमागच्या त्या बाईला मुलगी झाली. बाळाला काही आठवडे औषध पाजलं, ठरलेल्या तपासण्या झाल्या, आणि दीड वर्षाची झाली तेव्हा शेवटच्या तपासणीचा कागद आला. साफ. कुंदाताई तो कागद हातात धरून माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अगं, मी इतके दिवस ह्या एका कागदाचीच वाट बघत होते, आत्ता कळलं." मग हसायला लागल्या. मीही.

तावडेंना सांगावंसं वाटत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्या महिन्यात ते आले तेव्हा कुंदाताई एवढंच म्हणाल्या, "तावडे, टाकीवर सगळं ठीक आहे."

"कुठल्या टाकीवर?" तावडेंनी विचारलं, अगदी कोऱ्या चेहऱ्याने. मग गोळ्यांची बाटली पिशवीत टाकली आणि जाता जाता दारातल्या पंख्याचं बटण उगाचच दोनदा खालीवर केलं. मला वाटतं त्यांना हात कुठेतरी ठेवायला हवा होता.

त्यानंतर वर्षभराने त्यांनी गावी राहायला जायचं ठरवलं. जिल्ह्याच्या केंद्रात नाव हलवण्याचं पत्र मीच टाइप केलं. "तिथं रांगेत कोणीतरी ओळखीचा निघणारच," एवढंच म्हणाले. नकाशात त्याला उत्तर नव्हतं.

निघण्याच्या दिवशी ते मला दिसले तो निव्वळ योगायोग. मुलुंडला कोकणात जाणाऱ्या खाजगी बसगाड्या सुटतात तिथून मी भाजी घेऊन चालले होते. दुपारची वेळ, ऊन होतं. तावडे आणि त्यांची बायको सामानाच्या ढिगाशेजारी उभे, आणि त्यांच्या गावचा एक जाडजूड माणूस गोण्या उचलून बसच्या पोटात भरत होता. आमच्याकडे नियम आहे, पेशंट बाहेर दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. मी नजर वळवून पुढे निघाले.

"ओ मॅडम," तावडेंनी हाक मारली.

मी थांबले. त्यांनी बायकोला सांगितलं, "ह्या नकाशावाल्या." तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझ्या पिशवीत डोकावून मेथीची जुडी चाचपली आणि कितीला घेतली ते विचारलं. मी सांगितलं. महाग घेतली म्हणाली.

गोणी खांद्यावर घेऊन तो माणूस आमच्यापाशी आला आणि तावडेंना म्हणाला, "गोविंदा, ही कोण रे?"

मी तोंडात उत्तर तयार ठेवलं होतं, पाणीखात्यातली आहे असं सांगायचं. तावडेंनी माझ्याकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच ते त्या माणसाच्या चपलांकडे न बघता सरळ तोंडाकडे बघत होते.

"माझ्या दवाखान्यातल्यो," ते म्हणाले. "माका एचआयव्ही आसा. हयच गोळये मिळायचे. आता थय मिळतले."

त्यांची बायको हलली नाही. त्या माणसाने खांद्यावरची गोणी जरा सावरली. तावडेंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तावडेंकडे. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"बरां," तो म्हणाला. "मगे ही गोणी खंय ठेवू?"

तावडेंनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"पाठी," ते म्हणाले. "आणि आडवी घाल. उभी रवाची नाय."